रिकामे तीन हात

विजयमाला मगदूम यांच्याकडे एक लांबुडकी वही होती. ती त्यांनी नवऱ्यालाही कधी दाखवली नव्हती. दाखवली असती तर त्यानं आधी स्वतःचं पान शोधलं असतं, आणि मग संध्याकाळचा चहा कोण करतो यावरून घरात वाद झाला असता. प्रत्येक पानावर वर माणसाचं नाव, मधोमध उभी रेघ, रेघेच्या डावीकडे ‘म्हणतो’ आणि उजवीकडे ‘आहे’. डावीकडे ‘इंग्रजी अस्खलित’, उजवीकडे ‘समोरचा हळू बोलला तर’. डावीकडे ‘दबावाखाली उत्तम काम’, उजवीकडे ‘दबाव असला तरच काम’.

हा नाद होता तसाच धंदाही. मिरजेत मार्केटच्या मागच्या गल्लीत बाईंची टायपिंगची संस्था होती. टाइपरायटर भंगारात गेले, संगणक आले, पुढं तेही शिकायला कुणी येईना, तेव्हा बाईंनी पाटी बदलली : ‘येथे ऑनलाइन कामासाठी प्रोफाइल लिहून मिळेल.’ घरबसल्या जगभरची कामं मिळवून देणाऱ्या साइट्स तोवर गल्लीबोळात पोचल्या होत्या. कुणी भाषांतरं करी, कुणी नकाशे काढी, कुणी परदेशातल्या पोरांना गणित शिकवी. काम येणारे पुष्कळ, पण स्वतःबद्दल चार ओळी लिहायची वेळ आली की सगळ्यांना घाम फुटे. बाई पाऊण तास गप्पा मारत, चहा पाजत, दोन्ही रकाने भरत आणि डाव्या रकान्याला इस्त्री करून तो साइटवर चढवत. उजवा रकाना वहीत झाकलेला राही.

मग दोन गोष्टी झाल्या. इस्त्रीचं काम यंत्रं फुकटात करू लागली, आणि वर्षभरात जगातला प्रत्येक माणूस ‘तळमळीचा, काटेकोर व कल्पक’ होऊन बसला. सगळेच तसे निघाल्यावर काम देणाऱ्यांनी प्रोफाइल वाचणंच सोडलं. त्यावर उपाय म्हणून ‘हुन्नर’ या सगळ्यात मोठ्या साइटनं पडताळा आणला.

पडताळा हे यंत्र तुमच्या परवानगीनं तुमच्या कामाच्या खुणा गोळा करी. पाठवलेली कामं, गिऱ्हाइकांशी झालेले निरोप, व्हिडिओ, आवाजाची रेकॉर्डिंग्ज. काम कधी सुरू केलं, किती वेळा खोडलं, कुठं अडलं. त्यातून तुमची एक छाया तयार होई. छाया म्हणजे अमुक प्रसंगी तुम्ही काय कराल याचा अंदाज बांधणारं गणित. मग प्रोफाइलमधलं एकेक वाक्य घेऊन यंत्र आधी विचारी, ‘हे खरं धरलं तर हा माणूस अशा वेळी काय करेल?’ आणि तोच प्रश्न छायेला टाकी. दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे तफावत. ती पाचाच्या आत आली तर नावापुढं हिरवी खूण. संधी तीन. तिसरी हुकली की सहा महिने दार बंद.

पहिल्या आठवड्यात बाईंची चौदा प्रोफाइलं बुडाली. गिऱ्हाइकं दारात येऊन बोलून गेली. बाईंनी दोन दिवस तोंड बंद ठेवलं, तिसऱ्या दिवशी वही उघडली आणि उजवा रकाना साइटवर चढवायला सुरुवात केली. बापूसाहेब कोरे म्हणून एक भाषांतरकार होते, त्यांच्या ‘चोवीस तास उपलब्ध’च्या जागी बाईंनी लिहिलं, ‘दुपारी दोन ते चार झोपतो. त्या वेळेत उठवल्यास उत्तरं तिरकी येतील. चारनंतर दिलेलं काम सकाळी तयार असतं आणि त्यात चूक सापडत नाही.’ बापूसाहेब चिडले. तफावत एक आली. कॅनडातली तीन गिऱ्हाइकं आठवडाभरात लागली. बापूसाहेब झोपतात तेव्हा तिकडं रात्रच असते. तेव्हापासून बापूसाहेब दुपारी जास्तच निश्चिंत झोपू लागले.

नजीर मुलाणी आले ते एका मंगळवारी. मुलाण्यांच्या घरात चार पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. गाणाऱ्यांच्या जगात त्यांचं दुकान ठाऊक नाही असा माणूस विरळा. वय छप्पन, बोटांना लाखेचा रंग, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची सवय, जणू खुर्ची दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली आहे.

“ताई, एक चान्स मी घालवला,” त्यांनी मोबाईल पुढं केला. “आपला आपणच लिहून बघितलं.”

बाईंनी वाचलं : ‘तंबोऱ्याचं थोडंफार काम जमतं. बाकी सगळं बडेभाईंचं.’ खाली आकडा होता, उणे एक्केचाळीस.

बाईंनी चष्मा पुसला. फुशारकी मारणाऱ्याचा आकडा अधिक येतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. स्वतःला कमी सांगणाऱ्याचा आकडा उणे येतो, हे नियमांत एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं, पण असं माणूस दुकानात कधी आलंच नव्हतं. साइट बनवणाऱ्यांनीही ती बाजू नुसती गणिताच्या हौसेपायी ठेवली असावी. मिरजेच्या कारागिरांत मात्र ज्याच्या हातात कसब आहे तो ‘जमतं थोडंफार’ याच्यापुढं जात नाही, आणि ‘मी एक नंबर’ म्हणणाऱ्याच्या हाती कुणी वाद्य देत नाही. यंत्राच्या लेखी दोघेही सारखेच खोटे.

“थोडंफार म्हणजे किती हो नजीरभाई?”

“म्हणजे... होतं काम.”

“लोक नेतात?”

“नेतात.”

“परत आणतात?”

“परत कशाला आणतील?” नजीरभाईंना हा प्रश्न खरोखर कळला नाही.

बाईंनी नवं पान काढलं. डावा रकाना उजव्यापेक्षा लहान ठरेल, असं पान वहीत पहिल्यांदाच निघालं होतं.

काम मोठं होतं. युरोपातल्या एका वाद्यसंग्रहालयात अडतीस जुने तंबोरे मुके होऊन पडले होते. त्यांची जवारी गेली होती. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिच्या पाठीला केसभर उतार असतो. तार हलताना त्या उतारावर घासत जाते आणि एका सुरातून बारीक सुरांचं कारंजं उडतं, त्याला जवारी. झिजून उतार बिघडला की तंबोरा नुसताच टणटण करतो. तो उतार कानशीनं पुन्हा काढायचा, तोही कानानं, कारण मोजपट्टीत तो सापडत नाही. संग्रहालयाकडे एक यांत्रिक हात होता. कारागिरानं घरी बसून एका दांड्यावर जसा हात फिरवावा, तसाच तो तिकडं खऱ्या घोडीवर कानस फिरवणार होता, आणि घोडीचा विरोध इथं दांड्यात जाणवणार होता. हवा होता तो कान आणि तो हात. आणि नावापुढं हिरवी खूण, शनिवारच्या आत.

“त्यातले सहा तंबोरे आमच्या आजोबांचे आहेत, ताई,” नजीरभाई खुर्चीवर पहिल्यांदा नीट बसले. “फोटोत भोपळ्यावरची नक्षी बघितली आणि ओळखली. ते दुसऱ्या कुणाच्या कानशीखाली जायला नकोत. बाकी काही नाही.”

“साक्षीदार कोण दिलाय?” काम जवळून पाहिलेल्या एकाची साक्ष लागत असे, यंत्र त्याला थेट प्रश्न विचारी आणि उत्तर उमेदवाराला दिसत नसे.

“बडेभाईच. त्यांना वगळून कसं चालेल?”

बडेभाई म्हणजे थोरले भाऊ कासमभाई, वय चौऱ्याहत्तर. बाईंनी दुसरा मसुदा तिथंच बसून लिहिला : ‘तीस वर्षं तंबोऱ्याची जवारी काढतो. सर्व काम मोठ्या भावाच्या मार्गदर्शनाखाली.’ नजीरभाईंना तो भारी आवडला. यंत्राला आवडला नाही. उणे सत्तावीस.

पहिलं वाक्य हिरवं होतं. दुसरं लाल. खाली यंत्राचा शेरा, लिहून देणाऱ्यापुरता : ‘दुकानातली दोनशे बारा रेकॉर्डिंग्ज तपासली. भावाच्या शेवटच्या सूचनेआधीचा आणि नंतरचा आवाज तोच. फरक आढळत नाही.’

बाईंनी तो मनातल्या मनात वाचला आणि पडदा बंद केला.

“काय म्हणतंय?”

“म्हणतंय, दुकान दाखवा.”

बुधवारी सकाळी त्या मुलाण्यांच्या दुकानात जाऊन बसल्या. छताला सुकलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह. कासमभाई पाटावर बसून गिऱ्हाइकांशी बोलत होते, आणि त्यांचं बोलणं तालेवार होतं. नजीरभाई एका तंबोऱ्याची घोडी घासत होते. घासायचं, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, पुन्हा घासायचं. दीडेक तासानं एकदा त्यांनी तार छेडली आणि छताला टांगलेले भोपळेसुद्धा कान देऊन ऐकतायत असं बाईंना वाटलं. बाईंना गाण्यातलं कळत नव्हतं. काम कुठं संपतं ते मात्र कळत होतं. इथं संपलं होतं.

नजीरभाईंनी तंबोरा उचलून भावापुढं धरला. कासमभाईंनी डोळे मिटले, भोपळ्यावर गाल टेकला, चारी तारा छेडल्या.

“थोडी अजून मोकळी कर.”

“हां, भाई.”

नजीरभाईंनी तंबोरा मांडीवर घेतला आणि कानस हातात फिरवली. एका बाजूला दाते, दुसरी बाजू गुळगुळीत. त्यांनी गुळगुळीत बाजू खाली केली, घोडीवरून तीन हात फिरवले, वर फुंकर मारली. भुकटीचा कण उडाला नाही.

कासमभाईंनी पुन्हा गाल टेकला. “हां. आता झाली.”

आणि गिऱ्हाईक तंबोरा घेऊन गेलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा नजीरभाई त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले.

“किती वर्षं?” बाईंनी विचारलं.

नजीरभाई एका स्कूटरकडे बघत राहिले. “नऊ. वयानं कानातली वरची पट्टी आधी जाते म्हणतात डॉक्टर. बोलणं कळतं, हाक कळते. जवारी म्हणजे सगळी वरच्या पट्टीचीच मजा. तेवढीच गेली, ताई. बरोबर तेवढीच.”

“त्यांना माहीत नाही?”

“कोण सांगणार? आमच्या दुकानात वडीलधाऱ्यानं ‘झाली’ म्हटल्याशिवाय वाद्य उंबऱ्याबाहेर जात नाही. आजोबांपासून. मी लिहायचं, ‘जवारी माझी, बडेभाईंचा संबंध नाही’? आणि तेही साऱ्या जगापुढं?” त्यांनी मान हलवली. “राहू दे, ताई. दुसरा कुणीतरी काढेल त्यांची जवारी. आजोबा काय रागवायला येणार नाहीत. बडेभाई रोज समोर बसतात.”

“अजून एक संधी आहे.”

“म्हणूनच म्हणतो, राहू दे. खरं लिहिलं तर घर जातं, खोटं लिहिलं तर काम जातं.”

बाईंनी घरी येऊन वही उघडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना. जे खरं ते लिहायचं, हा आता त्यांचा धंदा होता. पण या खऱ्याचे मालक दोघं होते, आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं.

असं त्यांना वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी कासमभाई स्वतः आले. रिक्षातून उतरले, पाटी वाचली, आत येऊन नजीरभाईंच्या त्याच खुर्चीत ऐसपैस बसले.

“पोरी,” ते चोपन्न वर्षांच्या विजयमालाबाईंना म्हणाले, “हे यंत्र मला काय विचारतंय बघ.”

मोबाईलवर साक्षीचा प्रश्न होता : ‘नजीर मुलाणी यांच्या जवारीच्या कामात तुमचा वाटा कोणता?’

“तुम्हीच सांगा, मी लिहून देते,” बाई जपून म्हणाल्या.

“लिही, काही नाही.”

बाईंची बोटं थांबली.

“अशी बघू नकोस. नऊ वर्षं झाली. माझा कान गेला ते मला कळणार नाही? गेला तेव्हा घरात सगळ्यात आधी मलाच कळलं.” ते हसले. “आणि कानस. गाल टेकतो ना मी भोपळ्यावर, तिथं थरथर लागते, पार दाढेपर्यंत. खरी कानस फिरली की थरथर बदलते. ह्याच्या तीन हातांनी ती कधी म्हणजे कधी बदलली नाही. उलटी बाजू फिरवतो चोर.”

“मग ‘अजून मोकळी कर’ कशाला म्हणता?”

“नाही म्हटलं तर त्याला कळेल की मला कळलंय. मग तो बिचारा काय करेल? तीन हात फिरवतो तेव्हा त्याचा चेहरा बघितलास? लहानपणी आईला पान लावून द्यायचा तेव्हा असाच असायचा.”

बाईंना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. त्यांनी दोन्हीसाठी एकच रुमाल वापरला.

“पण कासमभाई, ‘काही नाही’ हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “यंत्र उणे धरेल. तुमच्या घराण्याला ती खोडच दिसते. तुम्ही ‘झाली’ म्हटल्याशिवाय वाद्य बाहेर जातं का?”

“नाही.”

“तुम्ही घाईनं म्हणता?”

“ह्याचा हात थांबल्याशिवाय मी म्हणत नाही. हा घाई करणारा नाही, पण मागं एकदा पोरीच्या लग्नाच्या गडबडीत केली होती. तंबोरा नुसता समोर ठेवला, हात नीट थांबला नव्हता. मी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी ह्यानं दोन तास घासला.”

“म्हणजे तुम्ही तंबोरा ऐकत नाही. भाऊ ऐकता.”

कासमभाईंनी यावर थोडा विचार केला. “लिही बाबा, तुला जे नीट वाटेल ते. फक्त मला कळलंय हे त्याला सांगायचं नाही.”

साक्ष तीन ओळींची झाली. ‘जवारी त्याची. तो थांबला की नाही ते मी बघतो. थांबला असेल तर झाली म्हणतो.’ कासमभाईंनी अंगठा लावला आणि रिक्षावाल्याला हाक मारली.

संध्याकाळी बाईंनी नजीरभाईंना बोलावून तिसरा मसुदा पुढं ठेवला : ‘तंबोऱ्याची जवारी मी काढतो. ती झाली असं माझे मोठे भाऊ म्हणेपर्यंत वाद्य आमच्या दुकानाबाहेर जात नाही.’

“ताई, हे ‘मी’ फार मोठं होतंय.”

“मग कोण काढतो, शेजारचा?”

“पण भाई...”

“भाईंनीच सांगितलंय. म्हणाले, ‘झाली’ म्हणायचं काम माझं.”

“खरं?” नजीरभाईंनी दुसरं वाक्य पुन्हा वाचलं, मग पुन्हा. “हे तर खरंच आहे. हे चालेल.” आणि अंगठा लावताना ते खुर्चीत थोडे मागं सरकून बसले.

यंत्रानं सात मिनिटं घेतली. आकडा आला उणे तीन. हिरवी खूण. तेवढा विनय पडताळ्यानंही सोडून दिला होता.

काम मिळालं. महिन्याभरात दुकानात एक पेटी आली. तिच्यातून पोलादी दांडा, कॅमेरा आणि दोन स्पीकर निघाले. इंग्रजी निरोपांची ने-आण विजयमालाबाईंकडे आली, म्हणून पहिल्या दिवशी त्याही भुशात पाट टाकून बसल्या. पडद्यावर आजोबांचा तंबोरा होता, एका पांढऱ्या खोलीत. संग्रहालयातली एक बाई तिकडून निरोप लिहीत होती. नजीरभाई दांड्यावर हात फिरवत, तिकडं यांत्रिक हात घोडी घासे. दोन तासांनी पडद्यावरची तार बोलली.

नजीरभाईंचा हात थांबला.

बाई पडद्याकडून कासमभाईंकडे वळल्या. आता? तंबोरा समुद्रापलीकडं. गाल टेकायचा कशावर?

नजीरभाई उठले, फळीवरून एक रिकामा भोपळा काढला आणि भावापुढं ठेवला. भोपळ्याच्या पोटात त्यांनी आदल्या दिवशीच त्यातला एक स्पीकर लाखेनं पक्का बसवून टाकला होता. थरथर अगदी जागच्या जागी लागेल असा, गालाच्या बाजूला.

बाईंनी भोपळ्याकडे पाहिलं, मग नजीरभाईंकडे. भाऊ कुठून ऐकतो ते याला ठाऊक होतं तर. याला आणखी काय काय ठाऊक होतं, ते विचारायची बाईंची हिंमत झाली नाही.

कासमभाईंनी डोळे मिटून गाल टेकला. नजीरभाईंनी विजयमालाबाईंकरवी तिकडच्या बाईला तारा छेडायला सांगितलं.

“थोडी अजून मोकळी कर.”

“हां, भाई.”

नजीरभाईंनी दांडा मुठीत फिरवला. समुद्रापलीकडं यांत्रिक हातानं निमूटपणे कानस उलटी केली आणि आजोबांच्या घोडीवरून गुळगुळीत बाजूचे तीन हात फिरवले.

“झाली,” कासमभाई म्हणाले.

पडद्यावर निरोप उमटला. शेवटच्या तीन हातांत काहीच घासलं गेलं नाही, यंत्रात बिघाड आहे का? ते तीन नोंदीतून काढून टाकू का?

दोन्ही भावांनी एकदमच विजयमालाबाईंकडे पाहिलं.

“काय म्हणतेय ती?” नजीरभाईंनी विचारलं.

“विचारतेय, चहा घेता का मधे,” बाई म्हणाल्या आणि उत्तर लिहिलं : ‘बिघाड नाही. काढू नका. अडतीसही तंबोऱ्यांना शेवटी हे तीन हात लागतील, त्याशिवाय काम पुरं होत नाही.’

मग त्यांनी पिशवीतून वही काढली. मुलाण्यांच्या पानावरचा उजवा रकाना अजून कोराच होता. त्यांनी मधली रेघ खोडरबरानं पुसून टाकली आणि वही मिटली. तोवर स्टोव्हवरचा चहा उतू गेला होता, आणि तो कुणी बघायला हवा होता यावरून दोन्ही भाऊ मोठमोठ्यानं भांडत होते.